फिलिप मार्टिन : मिसिसिपीच्या लाल मातीतला चॉक्टॉ मिको

रानवाट (धागालेखक)

मोटारींच्या वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे मोटारीतल्या विजेच्या तारांच्या बांधलेल्या जुड्यांच्या, कामात माझी बावीस वर्षे गेली. या कामाची एक बाजू बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. तार मापाने कापणे, तिचे टोक सोलणे आणि त्यावर टर्मिनल, म्हणजे जोडणीचा धातूचा तुकडा, दाबून बसवणे (क्रिम्प करणे) हे यंत्र करते. परंतु त्यानंतर त्या असंख्य तारा बोर्डावरच्या खुंट्यांमधून आपापल्या वाटेने नेणे, कनेक्टरमध्ये बसवणे आणि टेप गुंडाळून त्यांची जुडी बांधणे हे काम आजही बहुतांशी माणसाच्या बोटांनीच होते. त्यामुळे हा धंदा कायम हातांच्या शोधात फिरत असतो. १९७९ साली तो मिसिसिपी राज्यातल्या नेशोबा काउंटीत, चॉक्टॉ या अमेरिकी मूलनिवासी जमातीच्या राखीव भूमीवर पोहोचला. त्याला तेथे बोलावून आणणारा माणूस म्हणजे त्याच वर्षी जमातीचा प्रमुख, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मिको’, म्हणून निवडून आलेला फिलिप मार्टिन. या माणसाविषयी मराठीत काही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

मार्टिन यांचा जन्म १३ मार्च १९२६ रोजी फिलाडेल्फिया या गावी झाला. हे पेनसिल्व्हेनियातले महानगर नव्हे, तर त्याच नावाचे मिसिसिपीतले लहानसे काउंटीचे गाव. त्या काळात या भागातले बहुतेक चॉक्टॉ दुसऱ्याच्या शेतात बटाईने कापूस पिकवत आणि वर्षाअखेरीस हिशेब झाला की पुन्हा देणेकरीच राहत. गोऱ्यांच्या शाळेत त्यांना प्रवेश नव्हता, आणि चॉक्टॉ मुलांसाठी राज्यात माध्यमिक शाळाच नव्हती. सहा भावंडांतल्या फिलिपचे वडील तो लहान असतानाच वारले, आणि पुढील शिक्षणासाठी त्याला नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी येथील निवासी शाळेत जावे लागले. तेथून तो हवाई दलात गेला. युद्ध नुकतेच संपलेल्या युरोपात त्याने काय पाहिले, हे तो पुढे आयुष्यभर सांगत असे. भुकेली माणसे कचऱ्यात अन्न शोधत होती, आणि तीच माणसे आपली पडलेली शहरे पुन्हा बांधायला लागली होती. गोऱ्या माणसालाही असे दारिद्र्य येऊ शकते आणि तो त्यातून उठू शकतो, तर चॉक्टॉ का उठू शकणार नाहीत, हा प्रश्न घेऊन तो १९५५ मध्ये घरी परतला.

घरी जे होते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २७ सप्टेंबर १८३० रोजी डान्सिंग रॅबिट क्रीक या ओढ्याकाठी झालेल्या तहाने चॉक्टॉंनी मिसिसिपीतली आपली उरलीसुरली भूमी, सुमारे १ कोटी १० लाख एकर, अमेरिकेला दिली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या, मूलनिवासींना पश्चिमेकडे हलवण्याच्या स्थलांतर कायद्याखाली झालेला हा पहिला मोठा तह. हजारो माणसांना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात जावे लागले, आणि थंडीने, उपासमारीने व पटकीने कित्येक जण वाटेतच मेले. तहाच्या चौदाव्या कलमात मात्र एक वाट ठेवली होती. ज्या कुटुंबप्रमुखाला मागे राहायचे असेल त्याने सरकारी एजंटकडे नाव नोंदवावे, म्हणजे त्याला ६४० एकर जमीन आणि राज्याचे नागरिकत्व मिळेल. हजारो लोक मागे राहिले, पण विल्यम वॉर्ड नावाच्या त्या एजंटने बहुतेकांची नावे नोंदवलीच नाहीत. त्याच्या वहीत जेमतेम ६९ कुटुंबप्रमुख आढळले. बाकीचे आपल्याच जमिनीवर अतिक्रमण करणारे ठरले आणि पुढची शंभर वर्षे दलदलीच्या कडेने व परक्याच्या शेतात जगले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने त्यांच्यातले पुष्कळ जण नेले. त्याच वर्षी संघ सरकारने फिलाडेल्फियात एक कचेरी उघडली, तुकड्यातुकड्यांनी जमीन विकत घेतली आणि १९४५ मध्ये या लोकांची ‘मिसिसिपी बँड ऑफ चॉक्टॉ इंडियन्स’ ही स्वतंत्र जमात म्हणून घटना मान्य झाली.

मार्टिन १९५७ मध्ये जमातीच्या परिषदेवर निवडून आले आणि १९५९ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. पगार नव्हता आणि खरी सत्ताही नव्हती, कारण निर्णय सरकारी कचेरीचा अधीक्षक घेई आणि परिषद मान डोलावी. ही पद्धत मोडण्यात त्यांची पहिली वीस वर्षे गेली, आणि माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वाचा हाच भाग सर्वांत कमी सांगितला जातो. १९६० च्या दशकात संघ सरकारचा गरिबीविरोधी कार्यक्रम आला, तेव्हा त्यातला पैसा कचेरीमार्फत न येता थेट परिषदेकडे यावा असा त्यांनी आग्रह धरला. त्या पैशाइतकेच मोल त्यातून आलेल्या सवयीचे होते. हिशेब ठेवणे, अर्ज लिहिणे, माणसे नेमणे आणि कामाचा जाब देणे ही कामे चॉक्टॉ माणसे स्वतः करू लागली. १९६९ मध्ये जमातीने घरे बांधण्यासाठी स्वतःची ‘चाहटा डेव्हलपमेंट कंपनी’ काढली. (‘चाहटा’ हे त्यांचे स्वतःचे, स्वतःच्या भाषेतले नाव.) सरकारी पैशाने राखीव भूमीवर घरे होणारच होती, ती चॉक्टॉ गवंडी-सुतारांनी बांधली तर मजुरीही घरातच राहील, एवढा साधा तो हिशेब होता.

नंतर १९७३ च्या सुमारास पर्ल रिव्हर वस्तीजवळ ३० एकरांवर औद्योगिक वसाहत तयार झाली. रस्ते, पाणी, वीज सारे आले आणि कारखाना मात्र एकही आला नाही. वर्षानुवर्षे ती जागा मोकळी राहिली. मार्टिन यांनी उत्पादक कंपन्यांना सुमारे दीडशे पत्रे पाठवली. अखेर जनरल मोटर्सच्या पॅकर्ड इलेक्ट्रिक या विभागाने वायरिंग हार्नेस जोडून घेण्याची तयारी दाखवली, आणि सरकारी हमीवर कर्ज काढून ‘चाहटा एंटरप्राइझ’ उभी राहिली. सुरुवातीला ती जवळजवळ बुडाली होती. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या बटाईने शेती करत आले, त्यांना पाळीची वेळ, मोजमाप आणि तपासणी यांची शिस्त एका रात्रीत येत नाही. आमच्या चाकणच्या शॉपफ्लोअरवर शेतातून थेट बोर्डापाशी आलेल्या मुलामुलींना शिकवताना मी हे स्वतः अनुभवले आहे. नवे, अनुभवी व्यवस्थापन आल्यावर कारखाना सावरला, आणि काही वर्षांतच फोर्डसारख्या कंपन्यांचेही काम त्याला मिळू लागले. १९८१ मध्ये अमेरिकन ग्रीटिंग्ज या कंपनीसाठी शुभेच्छापत्रे हाताने पूर्ण करण्याचा कारखाना निघाला, त्यानंतर मोटारींच्या स्पीकरचा. ज्या जमातीत कामाच्या वयाच्या बहुतेक माणसांना नियमित काम नव्हते, ती पुढे मिसिसिपीतल्या सर्वांत मोठ्या दहा नोकरीदात्यांपैकी एक झाली. तिच्याकडे काम करणाऱ्यांत चॉक्टॉ नसलेले, गोरे आणि काळे, लोक निम्म्याहून अधिक होते.

सलग २८ वर्षे मार्टिन मिको होते. २००७ च्या निवडणुकीत ते हरले आणि ४ फेब्रुवारी २०१० रोजी मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथे त्यांचे निधन झाले. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

शाईचा डाग

लेख आवडला, परंतु १९९४ नंतरचे सारे आपण गाळले आहे, आणि या जमातीचे नाव अमेरिकेत बहुतेकांना कॅसिनोमुळेच माहीत आहे. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूलनिवासी जमातींच्या जुगारगृहांविषयी कायदा केला. त्याखाली राज्याशी करार करून चॉक्टॉंनी १ जुलै १९९४ रोजी ‘सिल्व्हर स्टार’ उघडले, १९९७ मध्ये गोल्फचे मैदान आणि २००२ मध्ये ‘गोल्डन मून’. त्या गोल्फ क्लबला त्यांनी ‘डान्सिंग रॅबिट’ हे नाव दिले आहे. ज्या तहाने भूमी गेली त्याचेच ते नाव आहे, आणि पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते टोचले होते. नंतर वाटले की ज्यांच्या पूर्वजांनी मागे राहण्याची किंमत मोजली, त्यांना ते नाव आपल्याला हवे तेथे लावण्याचा पूर्ण अधिकार आहे. जुगाराविषयी माझे मत अनुकूल नाही. तरीही त्या पैशातून शाळा, दवाखाना, पोलीस, वृद्धांची व्यवस्था आणि महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या चालल्या, आणि सर्व नफा माणशी वाटून टाका हा सोपा मार्ग मार्टिन यांनी स्वीकारला नाही, याची नोंद व्हायला हवी.

रानवाट

शाईचा डाग, मुद्दा मान्य. मी ते टाळले याचे कारण असे की इंग्रजीत या माणसावर जे लिहिले जाते ते बहुधा कॅसिनोपासून सुरू होते आणि तेथेच संपते. सिल्व्हर स्टार उघडले तेव्हा चाहटा एंटरप्राइझ पंधरा वर्षांची झाली होती. कॅसिनोसाठी कर्ज देणाऱ्यांनी आणि राज्य सरकारने जमातीशी बोलणी केली, ती कर्जफेडीची आणि कारखाने चालवण्याची तिची नोंद पाहूनच, असे मला वाटते.

तिसरा प्रहर

एक दुरुस्ती सुचवतो. मार्टिन यांची कारकीर्द १९५९ पासून २००७ पर्यंत अखंड होती, असा समज लेखावरून होऊ शकतो. मधल्या काळात इतरांनीही जमातीचे नेतृत्व केले, आणि १९७५ ते १९७९ या काळातले प्रमुख कॅल्विन आयझॅक यांचे नाव येथे यायलाच हवे, कारण जमातीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा न्यायनिर्णय त्यांच्या काळात आला. मिसिसिपी राज्याचे म्हणणे असे होते की १८३० च्या तहाने मागे राहिलेले चॉक्टॉ राज्याचे साधे नागरिक झाले, त्यामुळे जमात नाही, राखीव भूमी नाही आणि तेथे राज्याचाच फौजदारी कायदा चालेल. म्हणजे ज्या चौदाव्या कलमाचा लाभ त्यांना कधी मिळालाच नाही, तेच कलम दीडशे वर्षांनी त्यांच्याविरुद्ध पुढे केले गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले होते. १९७८ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध जॉन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फेटाळले आणि ही भूमी कायद्याच्या अर्थाने ‘इंडियन कंट्री’, म्हणजे मूलनिवासींची भूमी, आहे असे ठरवले. जमातीचे स्वतःचे न्यायालय, स्वतःचे पोलीस, करांविषयीचे नियम आणि पुढे कॅसिनोसुद्धा या एका निर्णयावर उभे आहे. औद्योगिक वसाहत १९७३ ची आणि पहिला कारखाना १९७९ चा, या दोन सालांच्या मध्ये हा निकाल येतो. त्या दोहोंचा थेट संबंध होता असे मी म्हणत नाही, परंतु ज्या जागेवर कोणाचा कायदा चालतो हेच ठरलेले नाही, तेथे कोणतीही कंपनी दहादा विचार करते.

रानवाट

मनापासून आभार. आयझॅक यांचे नाव सुटले ही माझी चूक आहे.

उंबरठा

तिसरा प्रहर यांनी न्यायालयाचा विषय काढला म्हणून दुसऱ्या एका खटल्याविषयी सविस्तर लिहिते. मी कौटुंबिक कायद्याचे काम करते आणि मार्टिन यांचे नाव मला प्रथम तेथेच भेटले, कारखान्यांमुळे नव्हे.

विसाव्या शतकात अमेरिकेत मूलनिवासी मुलांना फार मोठ्या प्रमाणावर त्यांच्या घरांतून काढून बाहेरच्या कुटुंबांत दत्तक दिले जात असे. ते थांबवण्यासाठी १९७८ मध्ये काँग्रेसने इंडियन बालकल्याण कायदा केला, आणि राखीव भूमीवर अधिवास असलेल्या मुलाच्या ताब्याचा निर्णय फक्त जमातीचे न्यायालय घेईल अशी तरतूद केली. या कायद्याच्या सुनावणीत साक्ष द्यायला गेलेल्यांत हेच कॅल्विन आयझॅक होते. जमातीचा वारसा पुढे नेण्याचे खरे साधन तिची मुलेच असतात, ती परक्या घरांत वाढली तर जमात टिकण्याची शक्यता कमी होते आणि स्वतःचा कारभार करणारा समाज म्हणून तिच्या अस्तित्वालाच धक्का बसतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

१९८५ च्या डिसेंबरात एका चॉक्टॉ जोडप्याला जुळी मुले झाली. आईवडील दोघेही राखीव भूमीवर राहणारे. परंतु मुले बाहेर दत्तक द्यायची म्हणून बाळंतपण मुद्दाम दूर, समुद्रकिनाऱ्यावरच्या गल्फपोर्ट येथे झाले. राज्याच्या न्यायालयाने काही आठवड्यांतच दत्तक मंजूर केले. मार्टिन यांच्या नेतृत्वाखालील जमातीने हरकत घेतली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की या मुलांनी राखीव भूमीवर कधी पाऊलच ठेवलेले नाही, तेव्हा त्यांचा अधिवास तेथे कसा म्हणता येईल? १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा निकाल उलटवला. मुलाचा अधिवास आईवडिलांच्या अधिवासावरून ठरतो, आणि जमातीचा अधिकार आईवडिलांच्या इच्छेनेसुद्धा टाळता येत नाही, कारण हे संरक्षण जमातीलाही दिलेले आहे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. त्या निकालपत्रात आयझॅक यांची ती साक्ष उद्धृत केलेली आहे.

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रकरण चॉक्टॉ न्यायालयाकडे आले तेव्हा मुले तीन वर्षांची झाली होती. ज्या घराला ती आपले घर मानत होती तेथून काढून नेण्याची पूर्ण सत्ता आता जमातीकडे होती, आणि जमातीच्या न्यायालयाने त्यांना त्यांच्या दत्तक आईकडेच राहू दिले. मुले परत आणण्याच्या हट्टापायी हा खटला लढवला गेला, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न होता. तो सुटल्यावर न्यायालयाने मुलांकडे पाहून निर्णय घेतला.

पाणंद

दुसरी बाजूही मांडतो. मार्टिन यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु २८ वर्षे हा फार मोठा काळ असतो. हार्नेसचे काम पुढे स्वस्त मजुरीच्या मागे मेक्सिकोकडे गेले आणि जमातीच्या कंपनीनेही तेथे कारखाने काढले. तेव्हा धागालेखकांनी वर्णन केलेले हातांच्या शोधात फिरणारे हे काम चॉक्टॉंच्या हातांतूनही निघून गेलेच. आणि जॅक अब्रामॉफ प्रकरण तर लेखात नाहीच. कॅसिनोंवर कर लावण्याचा प्रस्ताव अडवण्यासाठी १९९५ मध्ये जमातीने या लॉबिइस्टला, म्हणजे पैसे घेऊन कायदेमंडळात वजन वापरणाऱ्या माणसाला, नेमले. पुढे त्याने आणि त्याच्या भागीदाराने अनेक जमातींकडून जी अफाट रक्कम उकळली, तीत चॉक्टॉंचेही कित्येक लाख डॉलर होते. सिनेटच्या समितीने २००४ पासून सुनावण्या घेतल्या आणि २००६ च्या जानेवारीत अब्रामॉफने गुन्हा कबूल केला. जमात येथे फसवली गेली हे खरे. पण एवढा पैसा कोणत्या कामासाठी जातो आहे, याची विचारणा जमातीतूनच अधिक जोराने व्हायला हवी होती, आणि एकाच नेत्यावर दीर्घकाळ विसंबून राहिल्याने ती झाली नसावी, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी बीझली डेन्सन यांनी मार्टिन यांना हरवले.

रानवाट

पाणंद, आपण लिहिलेले मी खोडून काढू शकत नाही आणि काढू इच्छितही नाही. फक्त एक गोष्ट जोडतो. मेक्सिकोचा निर्णय मला माझ्या व्यवसायातून समजतो: गिऱ्हाईक कंपनी दरवर्षी दर कमी मागते, आणि ज्याचा सारा खर्च मजुरीचा आहे त्याच्यापाशी दुसरी वाट उरत नाही. काम गेले, परंतु पर्ल रिव्हरच्या ज्या मुलांच्या आया बोर्डावर उभ्या होत्या, ती मुले तोवर शाळेत टिकली होती. माध्यमिक शिक्षणासाठी स्वतः नॉर्थ कॅरोलायनात जावे लागलेल्या माणसाच्या दृष्टीने हे थोडे नाही. अब्रामॉफ प्रकरणात मात्र मार्टिन यांचा बचाव मी करणार नाही.

शाईचा डाग

या निमित्ताने ग्रीनवूड लफ्लोर यांची आठवण येते. १८३० च्या तहावर सही करणाऱ्यांतले हे प्रमुख. लोकांना त्यांनी पश्चिमेकडे पाठवले आणि स्वतः मात्र तहात मिळालेल्या जमिनीवर मिसिसिपीतच राहिले. शेकडो गुलाम राबवून कापसाचे मळे उभे केले, राज्याच्या सिनेटवर गेले आणि ‘मालमेझों’ नावाचा फ्रेंच थाटाचा वाडा बांधला. तो १९४२ मध्ये जळाला. एका काउंटीला आणि एका शहराला त्यांचे नाव आहे. मार्टिन यांच्या काळातले जमातीतले कित्येक लोक, ज्यांची नावे एजंटने नोंदवली नाहीत त्यांचेच पणतू-खापरपणतू असावेत.

तिसरा प्रहर

नेशोबा काउंटीचे नाव अमेरिकेत आणखी एका कारणाने माहीत आहे. १९६४ च्या जूनमध्ये येथे नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला. त्यांची जळालेली मोटार बोग चिटो या चॉक्टॉ वस्तीजवळच्या दलदलीत प्रथम चॉक्टॉ लोकांच्याच दृष्टीस पडली, आणि त्यांच्याकडून सरकारी कचेरीमार्फत ती बातमी एफबीआयला कळली. ज्या गावात मूलनिवासी माणसाला काळा आणि गोरा यांच्यामध्ये कोठेच स्थान नव्हते, त्या गावाने पुढे सतरा वर्षांनी शुभेच्छापत्रांच्या कारखान्यासाठी स्वतःच्या नावावर रोखे काढून जमातीला साहाय्य केले. हा बदल कारखान्याच्या इमारतीइतकाच ठळकपणे दाखवावा असे वाटते.

उंबरठा

भाषेविषयी कोणी लिहिले नाही. मिसिसिपीतल्या चॉक्टॉंची भाषा ओक्लाहोमाच्या तुलनेत पुष्कळ जास्त टिकली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक घरांत मुलांच्या तोंडी प्रथम चॉक्टॉच येत असे. त्याचे एक कारण दुर्दैवी आहे: शंभर वर्षे त्यांना कोणी आपल्यात घेतलेच नाही. शाळा आणि पगाराची नोकरी आल्यावर इंग्रजीही घरात आली, आणि आता जमात भाषा टिकवण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवते. मार्टिन यांनी आणलेल्या समृद्धीची ही किंमत आहे की नाही, यावर तेथल्या लोकांनीच बोलावे. मी फक्त हे येथे मांडून ठेवते.

रानवाट

उंबरठा, हे मांडले ते फार बरे झाले.

आणखी एक नोंद. चॉक्टॉंच्या कथेनुसार त्यांचे पूर्वज विन्स्टन काउंटीतल्या ‘ननिह वाया’ या मातीच्या टेकाडातून, तेथल्या भूमीच्या पोटातून वर आले. काही कथांत ते पश्चिमेकडून चालत येऊन येथे स्थिरावले, असेही आहे. ते टेकाड १८३० च्या तहात गेले आणि नंतर बरीच वर्षे राज्याचे उद्यान म्हणून राहिले. २००८ मध्ये, मार्टिन पदावरून गेल्यानंतर वर्षभराने, ते जमातीच्या ताब्यात परत आले. आता दर ऑगस्टमध्ये जमातीचे लोक तेथे जमतात आणि तो दिवस त्यांच्याकडे सुट्टीचा असतो. कोणाचे त्या बाजूला जाणे-येणे असेल तर त्यांनी तेथले वर्णन येथे अवश्य लिहावे.